काउंटरवरची घटपर्णी

माझं चाव्या बनवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खिडकी, एक यंत्र आणि मी. चावी घासताना हात कामात असतो, डोळे मोकळे असतात, आणि डोळ्यांसमोर रस्त्यापलीकडे बेकरी आहे. त्यामुळे पुढे सांगतो त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे. उरलेलं मला वहिनीने सांगितलं, आणि काही तिच्या सासूने, तिखटमीठ लावून.

वहिनी म्हणजे बेकरीवाल्याची वहिनी, त्याच्या आतेभावाची बायको. तो तिला वहिनी म्हणायचा म्हणून कामगार म्हणायला लागले, मग गिऱ्हाइकं, मग सगळा रस्ता. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरी यायचा तो पाहुण्यासारखा, आणि पाहुण्यासारखंच सगळ्याला छान छान म्हणून जायचा. घर चालायचं ते सासूच्या जिभेवर आणि वहिनीच्या हातांवर.

बेकरीच्या मागच्या खोलीत केकवर क्रीम लावायचं काम ती लग्न होऊन आली तेव्हापासून करत होती, म्हणजे आत्ताच्या बेकरीवाल्याच्या वडिलांपासून. एका हाताने केकचं फिरतं स्टँड फिरवायची, दुसऱ्या हातात चपटी सुरी नुसती टेकवून धरायची, आणि क्रीम काचेसारखं गुळगुळीत व्हायचं. स्वच्छतेचं तर वेडच. हात धुऊन धुऊन बोटांच्या पेरांवरची कातडी कायम फुटलेली असायची. स्वभावाने म्हणाल तर नाकावर माशी बसू न देणारी. ही म्हण मी मुद्दाम वापरत नाही, तिच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती.

त्या खोलीच्या कोपऱ्यात भांडी घासायची मोरी होती. साखरेचा पाक, क्रीम, कणकेचे तुकडे, सगळं तिच्या जाळीतून खाली जायचं. खरं तर खाली जायचं नाहीच, वाटेत साठायचं. जाळीखाली बोटभर जाडीचा चिकट थर बसला होता आणि त्यातून बारीक, करड्या, केसाळ माश्या निघायच्या. उडण्यापेक्षा उड्या मारल्यासारख्या भिंतीवर येऊन बसायच्या. फिनेल ओतलं की दोन दिवस गप्प, मग पुन्हा हजर.

"भाऊजी, ही मोरी उकरून नव्याने बांधायला हवी," वहिनी सांगायची. "वरून फिनेल ओतून काही होणार नाही. त्यांचं घरच खाली आहे."

"बघू या वहिनी, सीझन संपू दे."

बेकरीला सीझन संपणं कधी असतं? वडील होते तोवर दर शनिवारी जाळी निघायची, ते स्वतः घासायचे. मुलगा काउंटरवर बसणारा होता. त्याने पुढे नवे दिवे लावले, भिंतींना आरसे लावले. मागे कोण जातंय बघायला?

मग तो दवाखान्याचा केक आला. रस्त्याच्या टोकाला नवा दवाखाना उघडणार होता, उद्घाटनासाठी मोठा पांढरा केक सांगितलेला. वहिनीने तो संध्याकाळी पुरा केला, थंड कपाटात ठेवला आणि घरी गेली. तिच्यामागे बेकरीवाल्याला पेस्ट्रीच्या ट्रेसाठी कपाटात जागा हवी होती. त्याने केक काढून मागच्या टेबलावर ठेवला, वर झाकणसुद्धा नाही. सकाळी क्रीम थोडं ढिलं पडलेलं दिसलं तेव्हा त्याने स्वतःच सुरी फिरवून ते सारखं केलं आणि केक खोक्यात घातला.

दवाखान्यात पाहुणे गोळा झाले होते. डॉक्टरची आई केकवरची फुलं जवळून बघायला वाकली आणि म्हणाली, "हे तीळ लावलेत का?"

तीळ नव्हते. मोरीतल्या माश्या होत्या, क्रीमच्या पातळ थराखाली पंखांसकट दाबलेल्या. केक पोचवायला वहिनीही आली होती, ती तिथेच उभी होती. तिला आधी माश्या नाही दिसल्या, सुरीचे फटकारे दिसले. ते तिचे नव्हते. ती तोंड उघडणार तेवढ्यात बेकरीवाला पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माफ करा. ही आमची वहिनी. घरातली म्हणून कामावर ठेवली होती. काय करणार, हात धुवायची सवय नाही तिला."

"तेव्हा तू बोलली का नाहीस?" मी पुढे एकदा विचारलं होतं.

"मी माझ्या हातांकडे बघत बसले," ती म्हणाली. "खरंच धुतले होते का, असं मला स्वतःलाच वाटलं. एवढ्या वेळात तो बोलून मोकळा झाला."

त्याच दुपारी तिला कामावरून काढलं. दुधातल्या माशीसारखं, असं म्हणतात ना, तसंच. आठवड्याभरात ती रस्त्यावरची वहिनी न राहता माशीबाई झाली. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण पाठ वळली की म्हणायचे. तिने दुसऱ्या बेकऱ्यांत विचारलं. कुणी जागा नाही म्हणालं, कुणी नुसतं तिच्या हातांकडे पाहिलं.

काही लोक अपमान रडून काढतात, काही भांडून. वहिनीने डूख धरला. घरी स्वयंपाकघरातच केक करायला लागली. ऑर्डरी कमी, राग भरपूर. आणि घरात एक चिलट जरी दिसलं तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घर तळमजल्यावर, मागे कचऱ्याचे डबे, चिलटं येणारच. केक होतो तिथे औषध फवारता येत नाही. तिने छताला चिकट पट्ट्या टांगल्या. पहिल्याच दिवशी सासूचा अंबाडा पट्टीला चिकटला आणि तो सोडवताना अर्ध्या तासात सासूने दोन्ही घराण्यांचा उद्धार केला.

इथे सासूबद्दल सांगायला हवं. बेकरीवाला तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा. माहेरचा एकुलता एक भाचा. कुणालाही वाटेल की ती भाच्याची बाजू घेईल. पण केकची हकिगत कळली त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "माझा भाऊ गुडघ्यावर बसून ती मोरी घासायचा. याला खुर्चीवरून उठवत नाही." त्यानंतर तिने भाच्याचं नाव घेणं सोडलं. 'तो' म्हणायची.

अंबाड्याच्या त्या प्रकारानंतर सासू मैत्रिणीबरोबर फुलझाडांच्या प्रदर्शनाला गेली आणि येताना तळहाताएवढी कुंडी घेऊन आली. तिच्यात लालसर केसांची पानं, प्रत्येक केसाच्या टोकाला दवाचा थेंब. नर्सरीवाल्याने नाव सांगितलं होतं दवबिंदू.

"हे कशाला, आई?" वहिनीने विचारलं.

"नर्सरीवाला म्हणाला, चिलटं खातं. म्हटलं तुमचं दोघींचं जमेल."

वहिनीने कुंडी केळ्यांजवळच्या खिडकीत ठेवली. दुपारी एक चिलट त्या थेंबावर बसलं आणि उठेना. पाय सोडवायला गेलं की पंख चिकटायचा. हळूहळू आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकले. संध्याकाळपर्यंत अख्खं पान बोट दुमडावं तसं दुमडलं. वहिनी कणीक तशीच ठेवून स्टूल ओढून समोर बसली होती. चिलटाची धडपड थांबत आली तेव्हा ती अगदी आदराने म्हणाली, "बसा भाऊजी. घाई कसली?"

सासूने चष्मा पुसून पाहिलं. "हा तो का? मग पलीकडचा कोण?"

"त्याचा मेहुणा."

"बरा अडकलाय. तोही काही कमी नाही."

त्या घरात किती तरी दिवसांनी कुणीतरी हसलं होतं. पण ते हसणं चांगलं नव्हतं, हे सासूने मला स्वतः सांगितलं. "तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मलाच पाणी प्यावंसं वाटलं," म्हणाली.

मग वहिनी त्या नर्सरीत जायला लागली. तिथल्या माणसाने तिला नीट समजावलं. या झाडांना खत घालायचं नाही, मरतात. नळाचं पाणी घालायचं नाही, त्यातल्या क्षारांनीही मरतात, पावसाचं साठवून घालायचं. कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवायची आणि ऊन भरपूर द्यायचं. ती निकस मातीतली झाडं आहेत, मातीत मिळत नाही म्हणून तर हवेतलं धरून खातात. आणि एक गोष्ट त्याने स्पष्ट सांगितली, की झाडांच्या भरवशावर घाण ठेवू नका. आधी केळी झाका, डबा रिकामा करा, मोरी कोरडी ठेवा. त्यातूनही जे येईल ते झाड बघेल.

ते तोंड मिटणारं झाड, व्हीनस फ्लायट्रॅप, तिने आणलं पण तिचं त्याच्याशी पटलं नाही. "नखरेल आहे," म्हणायची. "एक माशी धरतं आणि आठवडाभर सुस्त. येणारा-जाणारा तोंडात बोट घालून बघतो, मग ते तोंडच काळं पडतं." तिला आवडली घटपर्णी, तीही उभ्या तुतारीसारखी. हिरव्या नळ्या, वर लाल शिरांचं झाकण, कडेला मध. माशी मधासाठी कडेवर येते, जरा आत डोकावते, पाय घसरतो, आत गेली की केस सगळे खाली वळलेले, वर येता येत नाही. झाड जागचं हलतसुद्धा नाही.

"किती शांतपणे करतं बघा," ती मला म्हणाली होती. "आवाज नाही, आदळआपट नाही. समोरचा आपल्या पायाने येतो."

हे ती मला म्हणाली तेव्हा माझी शेजारीण झाली होती. माझ्या बाजूचा छत्री दुरुस्तीचा गाळा बरेच दिवस रिकामा होता. तो तिने घेतला. बरोबर बेकरीच्या समोर. दुसरीकडे चांगली जागा मिळत होती, कोपऱ्यावरची, पण तिला हीच हवी होती. काचेच्या खिडकीत वर घटपर्ण्या, खाली दवबिंदू, आणि मागे ती केक करताना सगळ्यांना दिसेल असं टेबल. लोक आधी झाडं बघायला थांबायचे. "इथे माशी आली तर परत जात नाही," असं ती सांगायची, हसू न आणता. मग ते केकही न्यायचे. दुकान बऱ्यापैकी चाललं.

बेकरीवाला दारात उभा राहून गिऱ्हाइकांना म्हणायचा, "समोर गेलात तर जपून. तिथे माश्या पाळतात." लोक हसायचे. त्याचंही दुकान चालूच होतं, उलट त्याने नवा लांबलचक काचेचा काउंटर बसवला, आत निळसर दिवे.

"तुझं चाललंय ना," मी तिला म्हटलं. "सोड आता."

"माझं चालावं म्हणून मी इथे नाही आले. त्याचं खोटं पडावं म्हणून आले." ती काच पुसत होती, पुसत राहिली. "त्याच्याकडे आत्ताही तेच आहे. त्याच्या दारातून रस्ता ओलांडून येतात आणि माझ्या झाडांत मिळतात. केसाळ, करड्या. मी त्या हजारांत ओळखेन."

नवा काउंटर आला त्या आठवड्यात तिच्या डोक्यात ती कल्पना आली. आली कुणाच्या डोक्यात यावर नंतर दोघींत वाद होता. सासू म्हणायची माझ्या. खिडकीतली सगळ्यात मोठी, जुनी घटपर्णी तिने चिनी मातीच्या देखण्या कुंडीत लावली. तिच्या जुन्या, भरलेल्या नळ्या कापल्या आणि नव्या, स्वच्छ ठेवल्या. सासू नवे कपडे घालून, कुंडी छातीशी धरून रस्ता ओलांडून गेली. मी चावी हातात धरून बघत होतो. आत्या कित्येक महिन्यांनी दुकानात आलेली बघून बेकरीवाला खुर्चीवरून उठला. तेवढं तरी उठला.

"नवीन काउंटर केलास, म्हटलं भाच्याला काहीतरी द्यावं," सासू म्हणाली.

"अगं आत्या, कशाला त्रास. काय सुंदर फूल आहे."

"उन्हात ठेव. पाणी तू घालू नकोस, तुला जमायचं नाही. मी येऊन घालत जाईन. आता भांडून काय करायचंय, मी अशी पिकलं पान."

वहिनीच्या खिडकीजवळ तो कधी फिरकला नव्हता, झाड त्याने ओळखलंच नाही. त्याला वाटलं, म्हातारी वळली. सुनेच्या नाकावर टिच्चून आत्या आपल्याकडे आली, याचा त्याला इतका आनंद झाला की त्याने कुंडी काउंटरच्या मध्यावर, काचेजवळ, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आत्याने दिलंय.

झाड तिथे असं काही फोफावलं की बघत राहावं. वहिनीच्या खिडकीतल्या एकाही झाडाने एवढी वाढ घेतली नव्हती. सासू पावसाच्या पाण्याची बाटली घेऊन जायची, कुंडीला पाणी घालायची, भाच्याच्या गालावरून हात फिरवायची आणि परत येऊन सुनेला सांगायची, "अर्धी भरलीय." वहिनी मान हलवायची आणि क्रीम फेटायला लागायची. सकाळचं ऊन बेकरीत शिरलं की त्या नळ्या उजळायच्या, आणि मी माझ्या खिडकीतून बघायचो, नळीच्या आत काळी सावली दर आठवड्याला थोडी वर चढलेली असायची.

एक गोष्ट मात्र आम्हा तिघांच्याही ध्यानात आली नाही, किंवा आली आणि आम्ही तिच्याकडे बघितलं नाही. वहिनीच्या जागी बेकरीवाल्याने दुसरी बाई ठेवली होती. चाळिशी उलटलेली, उंच, जरा वाकून चालणारी. रस्त्यावर तिला उंच बाई म्हणायचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी दुकानात चांगली गर्दी होती. चष्म्याचं दुकान चालवणारा गृहस्थ मुलीसाठी केक घ्यायला आला होता. धंदाच तसा, त्याला वाकून बघायची सवय. नळीला नाक लावून त्याने विचारलं, "हे आत काळं काय आहे?"

"रंगच आहे तो," बेकरीवाला म्हणाला. "त्या फुलाची जातच तशी."

"रंग नाही हो. पाय दिसताहेत."

आणि त्याने नळी जरा स्वतःकडे ओढली. ती वजनाने आधीच कलली होती. मधोमध मोडली आणि आतलं सगळं त्या नव्या काचेवर, निळसर दिव्यांवर पडलं. ओल्या माश्यांचा काळा गोळा, सुटे पंख, पाणी, आणि वास. एक बाई मागे सरकली ती थेट रस्त्यावर आली. चष्मेवाल्याने हात शर्टाला पुसला आणि मग शर्टाकडे बघून त्याला जास्तच कसंतरी झालं. मिनिटाभरात ही गर्दी दारात, ती पायरीवर, आणि जो तो दुसऱ्याला सांगतोय.

मी वहिनीकडे बघितलं. ती खिडकीत हाताची घडी घालून उभी होती. हसली वगैरे नाही. चेहरा असा झाला होता, जसा खूप दिवस दुखणारा दात काढल्यावर होतो. सासू तिच्या खांद्यामागून बघत होती. "पडली एकदाची," म्हणाली.

तेवढ्यात बेकरीवाला उंच बाईला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. पायरीवर उभी केली. "मागची सगळी साफसफाई हिच्याकडे," तो लोकांना म्हणाला. "मी इथे पुढे असतो, मला काय दिसणार? सांगून सांगून थकलो. हात धुवायची सवय नाही हिला."

उंच बाईने एप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती सुटेना, मग एप्रन तसाच डोक्यावरून काढून घडी करून पायरीवर ठेवला. पिशवी घ्यायला आत गेली, बाहेर आली आणि खाली बघत आमच्या दुकानांवरून निघून गेली. जाताना माझ्या खिडकीच्या काचेत तिने स्वतःचे हात बघितले. मी बघितलं ते. वहिनीनेही बघितलं.

सासू म्हणाली, "आपण मारला दगड त्याला, आणि लागला कुणाला बघ."

वहिनी खाली बसली. केकचं फिरतं स्टँड समोर होतं, ते तिने उगाच एकदा फिरवलं. मग उठली. एप्रन काढला नाही, हात पुसले नाहीत, क्रीम लागलेल्या हातांनी सरळ रस्ता ओलांडला. आम्ही मागोमाग. दुकानातल्यांनाही काहीतरी होणार याचा वास आला, तेही वळले. वहिनी काउंटरला वळसा घालून मागच्या खोलीत गेली. तिथली वाट तिला पाठ होती. बेकरीवाला धावत आला.

"वहिनी, कुणाला विचारून आत आलात?"

"दार उघडं ठेवा भाऊजी, लोकांना बघू द्या."

तिने भिंतीवर टांगलेलं कणीक कापायचं पातं काढलं, मोरीच्या जाळीखाली घातलं आणि जोर लावला. जाळी सुटेना. दुसऱ्यांदा जोर लावला तशी ती चिकटलेलं काहीतरी फाटावं तशा आवाजाने निघाली. खालून माश्यांचा ढग उठला. दारातल्या लोकांनी तोंडावर हात धरले. त्या सगळ्या करड्या माश्या भिंतीवर, ट्रेमधल्या केकवर, पुढे आरशांवर बसायला लागल्या.

"घरातलं भांडण असं चारचौघांत आणायचं नसतं, वहिनी." त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"चारचौघांत तुम्ही आणलंत. दवाखान्यात. त्या केकवर सुरी कोणी फिरवली होती?"

तो केकवरच्या माश्या हाकलायला लागला.

"मी केक कपाटात ठेवून गेले होते. बाहेर कोणी काढला?"

तो लोकांकडे बघेना, आत्याकडे बघायला लागला. आत्या म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? ती विचारतेय ना तुला."

"हात घाला," वहिनी म्हणाली.

"काय?"

"मोरीत हात घाला भाऊजी. बघा किती खोल आहे ते. मी सांगत होते तेव्हा तुम्हाला कधी खरं वाटलं नाही."

मला वाटलं, हा आता हिला बाहेर काढणार. पण दारात सगळं गिऱ्हाईक उभं होतं, कुणी काढता पाय घेत नव्हतं, आणि वहिनी त्याच्या अंगावर न ओरडता, अगदी खालच्या आवाजात बोलत होती. त्याने घड्याळ काढलं, बाही वर केली आणि उकिडवा बसला. कोपरापर्यंत हात गेला. वर आला तेव्हा त्याच्यावरून तो थर लोंबत होता. त्याने तोंड बाजूला वळवलं. वहिनी वाकून बघत होती, त्या पहिल्या चिलटाकडे बघत बसली असेल तशीच. तिने त्याला लगेच उठू दिलं नाही. "अजून आहे," म्हणाली. त्याने पुन्हा हात घातला.

शेवटी चष्मेवालाच म्हणाला, "पुरे हो बाई. कळलं आम्हाला."

बेकरी बरेच दिवस बंद राहिली. फरशी खणली, मोरी नव्याने बांधली, राडारोडा आमच्या बाजूला पडून होता. मग उघडली. गिऱ्हाईक निम्मं झालं पण तुटलं नाही. पाव लागतोच लोकांना. बेकरीवाल्याने माफी मागितली नाही. आत्याच्या हाती निरोप पाठवला, झालं गेलं विसरू या. वहिनीने निरोप ऐकून घेतला आणि उत्तर पाठवलं नाही. नवरा ट्रक घेऊन आला तेव्हा त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, "मामेभाऊ आहे माझा, जाणं-येणं ठेवायला नको का?" वहिनी म्हणाली, "तुम्ही जा. तुम्हाला मी अडवत नाही." तो गेला, चहा पिऊन आला, छान आहे सगळं म्हणाला.

पण उंच बाईचं काय, हा प्रश्न वहिनीला सुटेना. पत्ता काढून ती तिच्या घरी गेली. एका खोलीचं घर, दोरीवर धुतलेले दोन एप्रन. वहिनीने तिला सांगितलं, माझ्याकडे या, काम भरपूर आहे. उंच बाईने बसायला दिलं, पाणी दिलं.

"ते झाड तुम्ही पाठवलं होतं?"

"हो."

"मी तिथे आहे हे तुम्हाला माहीत होतं. रोज दिसायचे मी तुम्हाला समोरून."

"माहीत होतं."

"तो काय करेल हेही तुमच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं."

वहिनी यावर काय बोलली, मी विचारलं. ती म्हणाली, "काय बोलणार? त्याच्याकडे बघता बघता मला दुसरं कुणी दिसेनासं झालं होतं, हे काय सांगायची गोष्ट आहे? म्हटलं चुकलं. ती म्हणाली, बरं. आणि दार उघडून उभी राहिली."

पुढे उंच बाई एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागली असं कळलं. वहिनीच्या सासूशी ती वाटेत भेटली तर बोलायची, वहिनी बरोबर असली तर नाही.

वहिनीला मी एकदा स्पष्टच विचारलं, "मिळालं का तुला हवं होतं ते?" "त्याचा हात आत गेला तेव्हा मिळालं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पुन्हा संधी आली तर पुन्हा घालायला लावेन. पण पहिल्याच दिवशी सरळ जाऊन जाळी उचलायला हवी होती. एवढे दिवस मी नळ्या भरायची वाट बघत बसले. त्यात मजा येत होती मला."

गेल्या महिन्यात उंच बाई माझ्या खिडकीशी आली. खोलीच्या कुलपाची दुसरी चावी बनवून हवी होती. मी घासत होतो तोवर ती शेजारच्या काचेत बघत उभी राहिली. वहिनी आत पाठमोरी होती, एकटीच, मोठी ऑर्डर होती बहुतेक. तीन केक समोर आणि हात एक क्षण थांबत नव्हते.

"हिच्याकडे कामाला कुणी नाही?" उंच बाईने विचारलं.

"नाही."

"मिळत नाही, की ठेवत नाही?"

"ते मी विचारलेलं नाही."

तिने चावी घेतली, बोटाने कड तपासून बघितली, एका जागी खरखर लागली ती मला पुन्हा घासायला लावली. मग पिशवीत टाकून आलेल्या वाटेनेच परत गेली.